पुढच्या दाराची बेल

छत्रीबाग, इंदूर
रविवार

ती. सौ. विनीताताईंना सुरभीचा नमस्कार.

तुमची शुगर आता कशी आहे? भावजींचा चष्मा सापडला का? इकडे आई ठणठणीत आहेत. तुमचे बंधू हृषीकेश मात्र चार दिवस धड जेवलेले नाहीत. कारण फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून पत्र.

शेजारच्या बाळकृष्णकाकांवर आपण केस केली, हे तुम्हाला माहीत आहेच. रमाकाकू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन त्यांच्या अंगणात चालतात, आणि त्याच अंगणातून आपली स्कूटर जाते. एकदा तर दचकून त्या पडता पडता वाचल्या. काका म्हणाले, आता फाटक बंद करतो, तुम्ही आपल्या पुढच्या दारानं जात जा. झालं. पुढच्या दाराला तीन उंच पायऱ्या, तिथून स्कूटर निघत नाही (पायी माणूस निघतो, पण तुमच्या बंधूंना दूध आणायलाही स्कूटर लागते). म्हणून तर आठ वर्षांपूर्वी त्या दाराला आतून लोखंडी कपाट लावून टाकलं. तरी शपथपत्रात आपण लिहिलं, की काकांचं अंगण हा आमचा येण्याजाण्याचा एकमेव रस्ता. खाली माझीही सही आहे. मी ‘एकमेव’ वाचलं, कपाटाकडे पाहिलं आणि सही केली. कोर्टानं काकांना ऐकायच्या आधीच, निव्वळ आपल्या शब्दावर स्टे दिला, की फाटक बंद करू नका.

मग जागा बघायला कोर्टानं कमिश्नर पाठवली, ईशा नावाची तरुण वकील. आदल्या दिवशी तुमच्या बंधूंनी त्या दारावर बाहेरून कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकला. (हात जोडलेला तो अनोळखी माणूस आपल्या चौकटीत अगदी मापात बसला.) बाई काकांच्या अंगणातून मागच्या दारानं आल्या, मोजमाप घेतलं, बैठकीत बसल्या. साखर संपली म्हणून मी बाहेर गेले होते, तेव्हा पुढचं आईंकडून ऐकलेलं. कपाटामागून बेल वाजली. आठ वर्षं कोणी दाबली नव्हती, तरी खणखणीत. हृषीकेश म्हणाले, शेजारची असेल. पुन्हा वाजली. आई सवयीनं म्हणाल्या, “अरे, पुढच्या दारी कोणी आलंय, बघा.” ईशाबाईंनी कप खाली ठेवला आणि कपाट सरकवायला सांगितलं.

आपले वकील बंटीभिया तुकोगंजच्या ऑफिसात आवाज न चढवता एवढंच म्हणाले, “कोर्ट से छुपाया सो छुपाया भिया, मेरे से भी?” मग त्यांनी समजावलं, की समोरच्याला न ऐकता स्टे मागायचा, तर आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टसुद्धा आपणच सांगायची असते, कोर्टाकडे दुसरं कोणी सांगणारं नसतं. दाराचं सांगितलं असतं, तर निदान स्कूटरपुरतं काही मागता आलं असतं. आता स्टे तर जाईलच, वर खोटं का लिहिलं याचा जबाब शुक्रवारी द्यायचाय. मला त्यांचं पटलं. खरं म्हणजे आधीच पटलं होतं.

भावजींना नमस्कार.

तुमची,
सुरभी

ता.क. साखर संपली नव्हती. अंगणातून जाताना मला वाट द्यायला रमाकाकू वॉकर ओढत भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “जा गं, सावकाश.” मी गल्लीला वळसा घालून पुढे गेले, फ्लेक्सचं टोक उचललं आणि बेल दाबली. पहिल्यांदा कोणी उठलं नाही, म्हणून परत.

ता.क. दुसरा: हृषीकेशना वाटतं, बेल काकांनी वाजवली. नव्या शपथपत्रात ते तसं लिहायला निघालेत, आणि त्यावरही माझी सही हवी आहे. ती मी करणार नाही. गुरुवारी या. सांगेन मीच, तुम्ही फक्त शेजारी बसा. तुमच्यासमोर ते निदान पहिलं वाक्य पूर्ण ऐकून घेतात.

ता.क. तिसरा: दारात कोणी विचारलं, तर सहज आले म्हणा.