तू ओवाळलेला खासदार

आये, कालपासून आमच्या गल्लीत प्रचाराच्या रिक्षा फिरतायत आणि मला तुझी आठवण येतेय. प्रेमानेच येतेय असं नाही. तू गेल्याला इतकी वर्षं झाली तरी एका गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आज तो लिहून टाकावा म्हणून बसलेय.

बासष्टची निवडणूक मला आठवते ती आपल्या गोडदेव गावातल्या देवळापुढच्या सभेमुळे. खाडीचा बांध फुटून आपली भातशेती खारी झाली होती आणि विहीरही मचूळ झाली होती. पुरुष पुढे बसलेले, आपण बायका मागे कुडाच्या कडेला. लोकसभेचा उमेदवार दिल्लीबद्दल, देशाबद्दल बोलत होता. तू मधेच उठलीस. मिठागरातून तशीच आलेली, पायांना मिठाच्या भेगा. म्हणालीस, "सायेब, दिल्लीचं र्‍हाऊ द्या. आमचा बांध बांधा नि गोडं पानी आना. मग सगल्या बाया तुमालाच मत देतील." पुरुष हसले. बाबाने मान खाली घातली. पण तो माणूस हसला नाही. त्याने तुझ्याकडून विहिरीचं पाणी मागून घेतलं, सगळ्यांसमोर घोटभर प्यायला आणि म्हणाला, "ताई, पुढच्या खेपेला तुमच्या हातचं गोड पाणी पिऊनच मत मागेन." टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तू त्याचीच झालीस. मतदानाच्या दिवशी घराघरांतून बायकांना हाका मारत निघालीस, आणि ज्यांनी कधी उंबऱ्याबाहेर तोंड उघडलं नव्हतं त्याही तुझ्या मागून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

तो निवडून आला. गावात मात्र आला नाही. वाट पाहून तू चौघीजणींना घेऊन ठाण्याला त्याच्या बंगल्यावर गेलीस, मलाही नेलंस. पायरीवर ऊन येईपर्यंत आपण बसलो. त्याचा माणूस म्हणाला, "बांध, विहीर ही कामं खासदाराची नसतात बाई. ग्रामपंचायतीत जा, आमदाराकडे जा." मग तो स्वतः गाडीत बसायला बाहेर आला, हात जोडले आणि विचारलं, "कुठलं गाव?" परतताना तूच म्हणालीस, "येवढी गावं हायेत, कसा वलखंल तो?"

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि माझ्या धाकट्या भावाला उलट्या-जुलाब सुरू झाले. बाबा त्याला खांद्यावर टाकून, दवाखान्यात न्यायला, स्टेशनाकडे निघाला. अर्ध्या वाटेवरूनच परत आला. तू अंगणात उभी होतीस. बाबाची चाल बघूनच तुला कळलं. मी तुझ्या पदराला धरून होते आणि तू माझा हात सोडवलास, तो झटका मला अजून जाणवतो.

आणि तरीसुद्धा सदुसष्टला तू त्याला ओवाळलंस.

गावचे पुढारी घरी आले, म्हणाले, सायबांना ती पाणी देणारी ताई लक्षात आहे, ओवाळायला तिलाच उभं करा. मला वाटलं, तू त्यांना हाकलून लावशील. तू पेटीतलं लुगडं काढलंस. मी म्हटलं, "आये, त्याला ओवालतेस? त्याला?" तू म्हणालीस, "गप र्‍हा. निरांजन धर." निरांजन हातात घेऊन मी तुझ्या शेजारी उभी आहे. जीप थांबते. तो उतरतो, तू कुंकू लावतेस आणि कुंकू लावता लावता खालच्या आवाजात सांगतेस, "सायेब, माजा पोरगा गेला त्या पान्यानं. आता तरी आना." तो म्हणतो, "हो हो, नक्की." म्हणतो, पण बघतोय फोटो काढणाऱ्याकडे. तू पाण्याचा तांब्या पुढे करतेस. तो हात आडवा करतो, "नको ताई, डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय."

त्या निवडणुकीत तो पडला. मला इतका आनंद झाला की मी घरभर नाचले. तू चुलीपुढे बसून रडत होतीस. मी तोडून बोलले, "त्याच्यासाठी रडतेस? आपल्या पोरासाठी रड." तू वर पाहिलं नाहीस. म्हणालीस, "त्याच्यासाठी न्हाय गो. ह्याला सांगून झालं व्हतं. आता परत पयल्यापासून कोनाला सांगू?"

तेव्हा मला ते लाचारीचं बोलणं वाटलं. एकाहत्तरला नवा उमेदवार जीपमधून हात हलवत गेला, थांबला नाही. तू रस्त्याच्या कडेला उभी राहून काहीतरी ओरडलीस, पण भोंग्यापुढे तुझा आवाज माझ्यापर्यंतही पोचला नाही. सत्त्याहत्तरला मतदारसंघच नव्याने आखला गेला. मी नोकरीला लागले होते, आणीबाणी उठणार म्हणून आम्ही सगळे भारावलो होतो. घरी येऊन मी तुला सांगत सुटले, आता सगळं बदलणार. तू ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "ह्या नव्या मानसानं आपलं गाव बगितलंय का?" तू मत देऊन आलीस आणि त्याच वर्षी गेलीस. बांध नंतर कुणी बांधलाच नाही. खाऱ्या जमिनीवर भराव पडला, त्यावर इमारती झाल्या. तुझ्या शेताच्या जागी कुणाचं तरी पार्किंग आहे. पाइपलाइन आली ती त्या इमारतींसाठी.

मी तुला तेव्हा लाचार म्हणाले होते, शेजारणीसमोर. ते मागे घ्यावं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. तू त्याच्यापुढे वाकलीस, याचा राग आहेच.

आज दुपारी प्रचाराची मुलं लिफ्टने वर आली. एकाने वाकून नमस्कार केला, विचारलं, "आजी, काही प्रॉब्लेम आहे का? साहेबांना सांगतो." प्रॉब्लेम खूप आहेत, आये. मी म्हटलं, "नाही रे बाबा, सगळं ठीक आहे," आणि दार लावून घेतलं.