हिंडायच्या व्हिसावर

४ डिसेंबर, बुधवार

आणि फोनवर आबांचं परत तेच! — “धना, आत्ताच येऊ नको, जरा दम धर.” दम धर, दम धर! वरीसभर दमच धरतोय. आबांना नीट सांगितलं, हितल्या सरकारनं सूट दिलीय. ज्याचे कागद संपलेत त्यानं एकतीस तारखेच्या आत आपल्या देशात जायचं. दंड न्हाई, जेल न्हाई. नंतर घावला तर आत! तर आबा म्हणत्यात, “लगीन ठरतंय तुझं. गावात ऱ्हाणाऱ्या पोराला कोण पोरगी देतंय आता? फॉरेनला हाय म्हणून देत्यात.”

मग पासपोर्टलाच लावा की हळद!

९ डिसेंबर

काम बुडवून आपल्या सरकारच्या हापिसात गेलो. सहा तास लाईन. परत जायचा कागद मिळंल म्हणाले, तिकीट तुमचं तुम्ही काढा. म्या म्हणलं, साहेब, कामगाराला मदत असती म्हणं. त्यानं कॉम्प्युटरात बघितलं. “कामगार म्हणून तुमची नोंदच नाही. तुम्ही हिंडायला आलाय.”

हिंडायला!

माझ्यासारख्या नववी नापासाला कामावर बाहेर जायचं तर सरकारची परवानगी लागती. तिला वेळ लागतो म्हणून नसरापूरच्या सोमनाथ एजंटानं हिंडायच्या व्हिसावर चढवलं. “विमानतळावर विचारलं तर म्हण, मावसभावाकडं चाललोय, इमारती बघायला.” मावसभाऊ माझा वेल्ह्यात म्हशी राखतोय! इमारती मात्र बघितल्या लई — खांद्यावर ब्लॉक घेऊन, जिन्यानं, बाराव्या मजल्यापतोर. नियम म्हणं आमच्याच भल्यासाठी केलाय. मग मदतीच्या वक्ताला आमी पाव्हणं कसं?

११ डिसेंबर

तिकिटाचे पैसे जमले. अठ्ठावीसला निघणार. आबांना सांगणार न्हाई.

१५ डिसेंबर, रविवार

साखरपुडा झाला. माझा! मला कालच्याला कळवलं.

शिवऱ्यात पोरीच्या मामाच्या दारात मांडव. पाटावर माझ्या जागी मोबाईल, तांब्याला टेकवून. फुलाआत्यानं त्याला रुमालाची टोपी घातली. मोबाईलला टोपी! समदी हसली. मग आत्यानं कुंकू लावलं ते नेमकं कॅमेऱ्यावर. तिकडं मी समद्यांला दिसतोय, हिकडं मला नुसतं लाल. शिवानी नाव पोरीचं. दिसलीच न्हाई.

त्या लालातनं मामाचा आवाज — “काय जावई, पगार किती?” मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, “साठ हजार. सुपरवायझर हाय त्यो!”

मी गप बसलो. का गप बसलो? आपलंच थोबाड फोडावं वाटतंय.

२२ डिसेंबर

शिवानीचा फोन. पहिलाच. “मी शिवानी. वळखायचा न्हाई तुमी. बघितलंच कुठंय मला!”

म्या सगळं ओकून टाकलं. सुपरवायझर न्हाई. ब्लॉक वाहतो. कागद संपून अकरा म्हैने झाले. अठ्ठावीसला येतोय, मोडायचं तर मोड. वाटलं ठेवंल फोन. तर म्हणती, “टोपी मात्र शोभत हुती तुमाला.”

हसू आलं. आणि मग ती म्हणाली, “खरं सांगू का? तुमी लांब हाय म्हणून म्या व्हय म्हणलं.”

भोरला नर्सिंग करती. एक वरीस झालं, दोन ऱ्हायली. नवरा फॉरेनला म्हंजे लगीन दोन वर्सं पुढं, तवर शिक्षण पुरं. मी आलो की मामा पंधरा दिवसात उरकणार. म्या विचारलं, आता फी कोण भरतंय? तर मामा म्हणतो, साखरपुडा झाला, आता तुझी फी सासरची. “मागत न्हाई हां तुमच्याकडं. इचारलं म्हणून सांगितलं. यायचं तर खुशाल या, घर तुमचं हाय.”

फोन ठेवला आन् बूट भिंतीवर हाणला. आबांना मी लांब पायजे, मामाला लांब पायजे, आता हिलाबी! माझं मला कुठं पायजे ते कुणी इचारलं? जाणार म्हंजे जाणार!

२६ डिसेंबर

बॅग भरली. काढली. परत भरली.

एजंट खोटं बोलला, आबा खोटं बोलले, गप बसून मी बी खोटंच बोललो. एकटी ती खरं बोलली. तिचाच लई राग येतोय.

२८ डिसेंबर

कामावर गेलो.

३१ डिसेंबर

मुदत संपली. आबांचा फोन — “शाणं माझं पोर! ऐकलंस शेवटी.” तुमचं ऐकून न्हाई थांबलो, आबा! ह्या म्हैन्याला तुमाला काय न्हाई. शिवानीला फीचे पाठवले, तिकिटाचे आणि खाण्यातनं काढलेले मिळून, माझे कागद न्हाईत म्हणून खोलीतल्या गड्याच्या कार्डावरनं — अडतीस हजार पाचशे.