महानंदाचे हातमोजे

महानंदा,

टेंभुर्णीची पहिली एसटी गाठायचीय, म्हणून तुला न उठवता निघालो. दूध तापवून झाकून ठेवलंय.

उशाशी लोकरीचे हातमोजे हायत. टेलिफोन ऑफिसच्या पहाटेच्या ड्यूटीला सायकलवर जातीस. परवा भाकरी थापताना तुझी थंडीनं फुटलेली बोटं दिसली.

दुकानदारानं विचारलं, कुणाला पाहिजेत? माझी जीभ रेटेना. पोराला, म्हणालो. त्यानं गडीमाणसाचे लई जाड मोजे दिले. वाटेत सायकलवर घालून बघितले, तर मलाच ब्रेक दाबता येईना. तुझी बोटं तर आत हरवलीच असती. मग परत गेलो की. शेजारचे चन्नप्पाकाका तिथंच बसले होते. त्यांच्यादेखत सांगितलं, "माझ्या पोरीला पाहिजेत. सायकलवर नोकरीला जाती." तवा कुठं हे पातळ, मनगटाला घट्ट बसणारे मिळाले.

दिवाळीत मी बोललो, "पोरीनं गल्लीतनं सायकलवर बसून येऊ नये, लोक बघत्यात," तेव्हापासून तू गल्लीच्या तोंडाशी उतरून सायकल हातात धरून आणतीस. आज दारापर्यंत बसूनच ये. आणि घंटी वाजवत ये.

— अप्पा