टेपवरचा दुसरा आवाज

दि. २ मार्च २००६

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं चार पानी पत्र पोचलं. एवढ्या मजकुरात आमच्या छापखान्यात आख्खी पुस्तिका निघते. मी फक्त कॅमकॉर्डर कुठला घ्यायचा एवढंच विचारलं होतं. डॉक्टरांनी बाबांच्या घशाच्या ऑपरेशनची वीस तारीख पक्की केली आहे. स्वरयंत्रच काढणार, म्हणजे नंतर बोलणं कायमचं बंद. त्याआधी आईच्या घड्याळाची गोष्ट त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करायची आणि तू ती कॉम्प्युटरवर कापून-जोडून द्यायची, एवढं साधं काम आहे.

दुकानात जाऊन आलो. विक्रेता टाय बांधून आला होता, अक्कल मात्र घरी विसरला होता. टेपचा, छोट्या डिस्कचा आणि हार्ड डिस्कचा असे तीन प्रकार त्याने दाखवले. एडिटिंगला कुठला बरा म्हणून विचारलं, तर म्हणे सगळेच बेस्ट, आणि हा चंदेरी रंगातही मिळतो. वर आठशे पट झूम! बाबा माझ्यापासून दोन हातांवर बसतात, मी काय त्यांच्या नाकावरची छिद्रं मोजू?

एका ओळीत सांग. लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास की सल्लेही वाढतात.

तुझा,
टिल्लू

दि. ७ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

घे एका ओळीत: टेपचाच घे, आणि बाहेरचा माइक जोडायला सॉकेट असलेलाच घे. पुढच्या ओळी तुझ्या डोक्यात शिरावं म्हणून. बारा वर्षं मी स्टुडिओत बसून लोकांची लग्नं कापते आहे. डिस्कवाल्यांत चित्र दाबून कोंबलेलं असतं, कापायला घेतलं की रडवतं. टेप कॉम्प्युटरवर उतरवायला तासाला तास लागतो, पण मूळ टेप कपाटात शाबूत राहते. झूमबिम त्या टायवाल्यालाच लखलाभ.

माइकचं मात्र नीट वाच. कॅमेऱ्यातला माइक बाबांपासून दोन हात आणि तुझ्या तोंडापासून वीतभर. त्यांचा आवाज आधीच बसलेला, आणि तुझ्या तोंडाला कुलूप नाही हे तुला सोडून सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या कॉलरला चिमट्याचा छोटा माइक लाव. आई बाबांच्या दुकानात घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली आणि ती पुन्हा यावी म्हणून बाबांनी ते मुद्दाम अर्धवट दुरुस्त केलं, हे मी पन्नासदा ऐकलं आहे. पण आता त्यांच्या आवाजात ऐकायची ही शेवटची सोय आहे रे. मला रजा मिळत नाही, नाहीतर तुझ्या हातात मी कात्रीसुद्धा दिली नसती.

बाबांना नमस्कार. माया आहेच, अक्कल पोस्टाने जात असती तर तीही धाडली असती.

तुझी,
ताई

दि. १६ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

घेतला. टेपचाच घेतला, तेव्हा निम्मं समाधान मानून घे. सॉकेटवाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात मिळतो म्हणे. एका भोकासाठी मी तंगडतोड करणार नाही. मला स्वयंपाकघरात बाबांचं बोलणं ऐकू येतं, मग कॅमेऱ्याच्या कानाला काय धाड भरली आहे?

दोन टेपा झाल्या. बाबांचं म्हणजे आनंदच आहे. साल चुकतात, आईच्या घड्याळाचा पट्टा काळा म्हणतात. तो तपकिरी होता. मी दिवसभर छापखान्यात लोकांच्या चुका काढतो, घरी काय डोळे मिटून बसू? जागच्या जागी दुरुस्त करून घेतलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर शूटिंग बघायला आले आणि कॅमेऱ्याच्या काचेत बघून तीनदा भांग पाडून गेले. असल्या गर्दीत काम करतो आहे मी.

आभार मानायचे असतील तर थोडक्यात मान. लोभ असू दे.

तुझा,
टिल्लू

दि. ३ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलंच, ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले आहेत, पाटीवर लिहून बोलतात.

काल टेपा उतरवायला बसलो. तू म्हणालीस तसं तासाला तास, पळवता येत नाही, सगळं ऐकावंच लागलं. ताई, बाबा गोष्ट सांगताहेत आणि वरून मी ओरडतो आहे. त्यांनी पट्टा काळा म्हणायचा अवकाश, की मी धाडकन खेकसतो, तपकिरी हो, किती वेळा सांगायचं. त्यांचे ओठ हलतात आणि ऐकू मी येतो. या वेळी त्यांनी गोष्ट पुढे नेली होती, आई परत आली तेव्हा काय म्हणाली ते आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. नेमका तेव्हा मी साल दुरुस्त करत होतो. ते वाक्य माझ्या आवाजाखाली गेलं. माझा आवाज काढायला जावं तर त्यांचाही जातो. सतरा वेळा करून पाहिलं.

असला उर्मट, नालायक माणूस आपल्या घरात राहतो हे मला खरंच माहीत नव्हतं. पाटीवर लिहून द्या म्हणायचंही धाडस होत नाही. मी आता घरात तोंडच उघडत नाही. टेपा सोबत पाठवल्या आहेत, काही वाचत असेल तर वाचव. लोभाचं लिहायला लाज वाटते.

टिल्लू

दि. १२ एप्रिल

चि. ताईस,
अ. उ. आ.

टिल्ल्याचं पत्र टाकायला जाताना मी ते वाचलं. पाकीट उघडंच होतं, आणि नसतं तरी वाचलं असतं. तू त्याचा आवाज टेपेवरून काढायच्या खटपटीत असशील. नसता उद्योग करू नकोस.

ते वाक्य लिहून देतो. तुझी आई दुकानात परत आली, घड्याळ माझ्यापुढे आपटलं आणि म्हणाली, एवढा गचाळ कारागीर तिने जन्मात पाहिला नव्हता. तेव्हाच मी ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशीच. पुढे चौतीस वर्षं तिने माझी एकही चूक पोटात घातली नाही. टिल्ल्याला ते तोंड तिच्याकडून मिळालं आहे. ती गेल्यापासून घरात तेवढाच तिचा आवाज उरला होता. टेपेवर आम्ही दोघं असताना तिसरी तीच बोलते आहे, हे तुम्हा शहाण्यांना ऐकू कसं आलं नाही?

आता हा गाढव दहा दिवस मुक्याने वावरतो आहे. पाटीवर मी साध्या साध्या चुका करून ठेवतो, तरी हूं नाही की चूं नाही. एका घरात एक मुका पुरे. तू त्याला उलट टपाली ठणकावून लिही, की पट्टा काळाच होता.

मी दाराशी खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघतो आहे.

तुझे,
बाबा