धाकटीची बोटं

ता. ३ मार्च

चि. धाकटीस थोरलीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी का पोचले नाही ते सांगते. सरहद्दीच्या नाक्यावरून परत पाठवलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, दोनदा वाच.

इतकी वर्षं कार्ड दाखवलं की जा म्हणायचे. आता नवीन यंत्रं बसवलीत. आधी चेहरा, मग डोळे, मग चार बोटं काचेवर. चार तास उभी राहिले, पायांचे खांब झाले, आणि माझा नंबर आला तर तांबडा दिवा. बोटं पदराला पुसली, पुन्हा तांबडा. खिडकीतला साहेब म्हणाला, नाव तुमचं आहे, पण बोटं तुमची नाहीत. मी म्हटलं, मग काय शेजारणीकडून मागून आणलीत? हसला नाही मेला.

परतताना बसमध्ये डोक्यात उजेड पडला. सहा वर्षांपूर्वी आपण दोघी कार्डं काढायला गेलो होतो. दवाखान्याच्या चादरी सोड्यात धुऊन माझी बोटं गुळगुळीत, एक रेघ उमटेना. कारकून चहाला उठला आणि तू माझ्या जागी तुझी बोटं टेकवलीस. कागदाचं काम म्हटलं की माझ्या वतीनं तूच, पहिल्यापासून. जिना उतरताना हसलो होतो आपण.

साहेबानं वीस दिवस दिलेत. बोटं कुणाची ते सांगा, डोळ्यांच्या खुणेवर नवीन कार्ड देतो. नाहीतर कार्ड परत करा, वर्षभर पलीकडे जायचं नाही, मग बोटांची चौकशीही होणार नाही. मी विचारलं, माझे डोळे नि चेहरा घेतलेत ते किती वर्षं ठेवणार, बघणार कोण? त्यानं भिंतीवरचा कागद दाखवला. मुंगीएवढी अक्षरं. घरात कुणी माझं कपाट उघडलं तर मी घर डोक्यावर घेते, इथं मात्र डोळे, चेहरा देऊन आले.

आईच्या पोटात औषध ठरतंय का? माया आहे तशीच ठेव, बोटं आवर.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इथल्या कचेरीत दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारून आले. बोटं उसनी देणाऱ्याचं कार्ड जातं, राहण्याचा परवानाही जातो. मग मला इथून निघावं लागेल, आणि आईला तर आता कुशीवर वळवतानाही दम लागतो.

डॉक्टर म्हणाले, महिना काढेल. डोळे जवळजवळ गेलेत. दार वाजलं की थोरली आली का विचारते. म्हणून सांगते, तू माझं नाव घे. आईला भेटायचा तुझा हक्क आहे. चूक माझी, मीच निस्तरीन. रागावलीस तरी दूर करू नकोस.

तुझी धाकटी


ता. १४ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

शहाणपणा पुरे. कार्ड काल देऊन आले. साहेबानं तरी विचारलंच, बोटं कुणाची. आठवत नाही म्हटलं. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच.

नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मध्ये जाळी आहे. तिथवर यायला यंत्र लागत नाही. पुढच्या रविवारी दहाला आईला चाकाच्या खुर्चीतून आण. आधी काही सांगू नकोस, उगाच आशेला लागेल. पांघरूण जाड घाल. बाकी भेटीत.

ताई


ता. २२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. काल शिपायानं लवकरच हाकललं, तू पाठ फिरवलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही.

जाळीतून तू चार बोटं आत घातलीस आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. आई बराच वेळ ती चाचपत होती. मला वाटलं, ओळखलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "थोरलीला सांग, सोड्यातून हात काढला की तेल लावत जा. किती झिजवलीत." मग झोपली. आज दार वाजलं, पण तिनं विचारलं नाही.

आमची आठवण असू दे.

तुझी धाकटी


ता. २७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तेल लावते आहे. वर्षभर आईला धरून ठेव म्हणावं, तर तुझ्या हातात तरी काय आहे. तिला एवढंच सांग, लावते आहे.

ताई