कंपनीचा अस्सल हिरवा

७ मार्च, शुक्रवार
सासऱ्यांची पिकअप ते ॲरिझोनाहून परत येईपर्यंत आठवड्यातून एकदा नुसती सुरू करायची, चालवायची नाही, अशी सूचना होती. आज चालवली. चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारचं, मांस वर्ज्य म्हणून मासळीचं जेवण, आणि खुर्च्या न्यायला माझी गाडी लहान. परतताना पार्किंगमधला खांब आडवा आला. उजव्या दारावर हातभर ओरखडा, आतला पत्रा दिसतोय. खांबावरचा दिवा बंद होता. चर्चला पत्र लिहिणार.
मार्लिसला सांगितलेलं नाही. बायकोला उगाच काळजी कशाला?

८ मार्च
तिने खिडकीतून पाहिलं. म्हणाली, बाबांना फोन कर आणि मोकळा हो. छे! वीस वर्षांत सासऱ्यांनी, म्हणजे व्हर्न यांनी, मला साधा पाना उसना दिलेला नाही. या खेपेला जाताना मात्र म्हणाले, जावईबापू, ईस्टरला आलो आणि गाडी ठेवली तशी दिसली, तर ती तुझी. म्हणजे त्यांच्या लेखी मी एकदाचा माणसात येणार.
तर गाडी तशी दिसेल. निश्चय: आठवड्यात काम फत्ते. वजन कमी करण्याचा निश्चय तोवर स्थगित.
रंग गडद हिरवा, किंचित चमचमता. रंगाची नजर माझ्याकडे उपजतच आहे. मार्लिसला प्रथम पाहिलं ते नाचाच्या हॉलच्या या टोकावरून. ती त्या टोकाला, तरी तिचे हिरवे डोळे मी तिथूनच हेरले. लग्नातल्या भाषणातही हे सांगितलं होतं. तिच्याकडची मंडळी फार हसली. आनंदाने.

१४ मार्च
दाराच्या आतल्या स्टिकरवर रंगाचा नंबर असतो. त्या नंबराची कंपनीची बाटली मागवली होती, आज आली. पुठ्ठ्यावर लावून दाराशी धरली. साफ फिकी! गाडी यांनीच बनवली, आणि रंग यांनाच माहीत नाही. तक्रार ठोकणार.
मार्लिस म्हणाली, अरे उन्हात नेऊन बघ, तोच तर आहे. माझ्या पायातले मोजे दोन रंगांचे आहेत असं जी बाई रोज सकाळी सांगते, तिच्याकडून मी रंग शिकायचा! बाटली तिने कपाटात ठेवून दिली. ठेव बापडी.

२२ मार्च
आठवडा कधीच उलटला खरा, पण घाईचं काम सैतानाचं.
आज भंगारवाल्या ओटिसकडे गेलो. याच कंपनीच्या, याच वर्षाच्या पिकअप ओळीने उभ्या. एका नजरेत आपल्या रंगाची पकडली. ओटिसने दोनदा विचारलं, याचाच पत्रा? नक्की? म्हटलं, डोळे आहेत मला. म्हणाला, आहेत खरे.
तिथून पत्रा घेऊन रंगाच्या दुकानात. त्यांच्याकडे यंत्र आहे. ते पत्रा बघतं आणि जसाच्या तसा रंग तयार. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, गाडी दुरंगी करताय वाटतं? जुन्या काळी असायच्या, छान दिसायच्या. म्हटलं, बाई, एकरंगीच. हसल्या. त्यांनाही माझं काम पसंत पडलेलं दिसलं.

३० मार्च
जिवाला चैन नाही. गाडी मागच्या कोठारात नेऊन ठेवली आहे; सकाळी कॉफीआधी कोठारात, दुपारी कोठारात. नुसता ओरखडा रंगवला तर कड दिसेल. म्हणून सबंध दार रंगवलं. अप्रतिम. मार्लिसला आत यायला बंदी. एकदम दाखवीन.

५ एप्रिल
ओटिस डोकावला. दार पाहिलं. मग बाहेर जाऊन गुडघे धरून खोकत बसला. म्हणाला, व्हर्न कधी येतोय? तेव्हा मला बोलाव. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही हेच खरं.

१२ एप्रिल
यंदा पहिल्यांदा अंगणात मांस भाजलं. मार्लिस म्हणाली, आतून कच्चं आहे. मला तर आतबाहेर सारखंच दिसलं.
नवं दार आणि जुना पत्रा यांतला फरक खुद्द मलाच सापडत नाही. आणखी काय पुरावा हवा? तरी आज तीनदा जाऊन पाहून आलो. किल्लीला अडकवायला चामड्याची पट्टी आणली आहे.

१९ एप्रिल, संध्याकाळ
सासरे आले. ताडपत्री मी झोकात ओढली.
व्हर्न यांनी टोपी काढली. गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, जावईबापू, हिरव्या गाडीला हे तपकिरी दार कशाला?
म्हटलं, कुठलं तपकिरी? थट्टा वाटली. मार्लिसकडे पाहिलं. ती हसत नव्हती.
किल्ली व्हर्न यांनी खिशात टाकली. चिडले असते तर बरं झालं असतं. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, चल, जेवून घे.

२० एप्रिल, ईस्टर
हॅम, बटाटे. काल रात्री मार्लिसने सगळं सांगितलं. रंगांधळेपणा म्हणतात याला. मार्लिसला लग्नाआधीपासून माहीत होतं. सगळ्या घराला होतं. आणि मी समजत होतो, तिलाच मोज्यांतलं कळत नाही.
भांडी पुसताना विचारलं, तुझे डोळे कुठल्या रंगाचे गं? ती थोडा वेळ तीच बशी पुसत राहिली. म्हणाली, तू रंगवलेल्या दाराच्या रंगाचे. अगदी तोच.
म्हटलं, मग भाषणात थांबवलं का नाहीस? म्हणाली, इतक्या कौतुकाने सांगत होतास. आणि मला हिरवे आवडायचे.
फार वाईट वाटलं.
मग एकटाच कोठारात गेलो. म्हटलं, निदान तिच्या डोळ्यांचा रंग एकदा नीट पाहून घ्यावा. दोन्ही दारं मला सारखीच. उजवं दार मीच रंगवलंय एवढं ठाऊक होतं, म्हणून त्याच्याकडे बघत राहिलो.