गेटच्या आतलं

खडकी, पुणे
१९ ऑगस्ट २०१८

प्रिय अभय,

सप्रेम जय भीम. आम्ही बरे आहोत. सिएटलला तुम्ही सगळे बरे असाल, असं धरून चालते. फोनवर तू मधेच "ताई, मीटिंग आहे" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहिते आहे.

स्मरणशक्ती टिकवायला म्हणून तू पाठवलेलं तुमच्या कंपनीचं ते बोलणारं यंत्र रोज बाबांना प्रश्न विचारतं. बाबा गप्प बसतात, आणि तिकडे तुला शून्य गुण दिसतात. त्या शून्यावर तू लोणी काळभोरच्या वृद्धाश्रमात त्यांची जागाही ठरवलीस. मला विचारलंही नाहीस. शाबास.

अरे शहाण्या, प्रश्न तरी काय घातलेस? "तुम्ही कुठे काम करत होता? तिथे काय करत होता?" बाबांचा जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात गेला. गेटच्या आतलं बाहेर बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त. ते कुठल्या शेडमध्ये होते, हे आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. ते तुझ्या डबड्याला सांगतील? परवा त्यांनी उलट त्यालाच दरडावलं, "आधी पास दाखवा." यंत्र म्हणालं, उत्तर चुकलं.

एवढंच ठणकावून पत्र संपवायचं ठरवलं होतं. पुढचं लिहायला नको वाटतंय.

रविवारी आम्ही भाजी आणायला गेलो. मी कोथिंबीर बघत होते, तेवढ्यात बाबा भाजीवाल्या सोजरबाईंना सांगायला लागले. शेड कुठली, काम कसलं, सगळं. मग म्हणाले, "रोज आत जाताना भ्यायचो हो मी. हात थरथरला तर पोरांचं काय होईल, एवढंच मनात यायचं."

सोजरबाईंनी त्यांना पाणी दिलं. मी तिथेच भर बाजारात रडले.

म्हणजे शिस्तही गेली, अभय. गेटच्या आतलं बाहेर बोलायचं नाही, हेच ते विसरले. तुझं यंत्र खरं ठरलं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय.

तरी बाबा कुठेही जाणार नाहीत. ती जागा तू रद्द कर. यंत्र मी बंद करून माळ्यावर टाकलंय. बाबा आता बोलतात, समोर येईल त्या माणसाशी. तुला ऐकायचं असेल तर रजा काढ आणि ये. उशीर केलास तर तुला ओळखणार नाहीत. परका समजून सांगतील. तेही ऐकून जा.

तुझ्यावर रागावलेली, तरी वाट बघणारी,
आम्रपालीताई